नुकसान मक्त्याचं, भरपाई सातबाऱ्याची

हवामान बदलावर आमच्या जिल्ह्यात कार्यशाळा झाली की एक वाक्य हमखास ऐकायला मिळतं : "शेतकऱ्यांमध्ये जाणीव-जागृती करायला हवी." म्हणणारा माणूस बहुतेक वेळा बाहेरून आलेला असतो आणि दुपारच्या जेवणानंतर परत जाणार असतो. मला या वाक्याचा राग येतो. तो राग आज जरा सविस्तर मांडतो.

मी उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवतो. नववीच्या मुलांना 'हवामान बदल' हा विषय निबंधाला दिला तर ती हिमनग आणि ध्रुवावरची अस्वलं लिहून आणतात. पुस्तकात तेच आहे. मग मी म्हणतो, अस्वलं राहू द्या, घरी अब्बा पावसाबद्दल काय म्हणतात ते लिहा. तेव्हा वह्यांमध्ये खरा मजकूर येतो. 'पहिले मिरग लागला की पेरत होते, आता मिरग कोरडा जातो.' 'मूग पोळ्याच्या आधी घरात यायचा, आता शेंगेतच कोंब फुटतात.' 'सोयाबीन कापून ठेवलं की पाणी येतं.' व्याकरणाच्या चुका असतात, हवामानाच्या नसतात. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतले शास्त्रज्ञ रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवून दिलं की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतातल्या मोठ्या क्षेत्रावरच्या अतिमुसळधार पावसाच्या घटना तिपटीने वाढल्या. आमच्या पोरांचे बाप हेच सांगतात : पाऊस तेवढाच, पण दिवस कमी, पडतो तेव्हा झोडपतो, नाहीतर दडी मारतो. २०२३ च्या जुलैत जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांत इतका पाऊस कोसळला की शेतातली मातीच खरडून गेली. आणि लगेच पुढचा ऑगस्ट देशभरात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. एकाच खरिपात दोन्ही. याची जाणीव कुणी कुणाला करून द्यायची?

आता कुणी म्हणेल, हाच शेतकरी अक्षय तृतीयेला भेंडवळच्या घटमांडणीकडे डोळे लावून बसतो ना? बसतो. जळगाव जामोद तालुक्यातल्या या गावी वाघ घराण्यातले लोक शेतात घट मांडतात, अठरा धान्यं गोलाकार ठेवतात, दुसऱ्या दिवशी पहाटे कोणता दाणा कुठे सरकला ते पाहून पावसाचं आणि पिकाचं भाकीत सांगतात. साडेतीनशे वर्षांची परंपरा सांगितली जाते. माझा त्यावर विश्वास नाही. पण ऐकायला हिंदू-मुसलमान दोघंही कान देतात हे मला माहीत आहे, आणि त्याची टर उडवावी असंही वाटत नाही. कर्ज काढून बियाणं आणलेल्या माणसाला कुणीतरी काहीतरी सांगावं असं वाटतं. घट ऐकून आलेला माणूससुद्धा पेरताना ओल बोटभर आहे की वीतभर, हे उकरून बघतो.

नक्षत्रांचं म्हणाल तर आमचा मुसलमान शेतकरीही मृग, आर्द्रा, मघा, हस्त हेच मोजतो. हिजरी महिने दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकतात, त्यांवर शेती करता येत नाही. म्हणून तर मुघलांनी आणि निजामाने महसुलासाठी वेगळं फसली साल चालवलं. खरीप आणि रबी हे शब्दही अरबी. खरीफ म्हणजे शरद ऋतू, रबी म्हणजे वसंत. पेरणी कधी होते यावरून ही नावं पडली नाहीत, पीक घरात कधी येतं यावरून पडली. वर्गात हे सांगताना मी थोडा थांबतो, कारण आजचं संकट नेमकं तिथेच आहे. शरदातच, काढणीच्या तोंडावर, पाऊस येतो आणि शेतात रचलेली सोयाबीनची सुडी काळी पडते.

तर जाणीव आहे. जुळवून घेणंही चालू आहे, कुणी न शिकवता. सोयाबीनमध्ये तुरीच्या ओळी टाकतात, म्हणजे एक गेलं तर दुसरं हाती लागावं. लवकर येणारं वाण शोधतात. घाटाखाली, पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात, विहिरीचं पाणी पिकाला चालत नाही, तिथे पावसाचा थेंब शेतातच कसा मुरेल हे बघतात. ज्याला जमतं तो रुंद वरंबा-सरीवर पेरतो, म्हणजे पाणी जास्त झालं तर सरीतून वाहून जातं आणि खंड पडला तर वरंब्यात ओल टिकते. देऊळगाव राजा आणि सिंदखेड राजाकडे शेडनेटमध्ये भाजीपाल्याचं बीजोत्पादन होतं, तिथे आमच्या अनेक आया-बहिणी फुलांचं परागीकरण हाताने करायला मजुरीने जातात.

मग अडतं कुठे? माझं उत्तर एकच आहे, आणि ते कार्यशाळेत ऐकायला मिळत नाही. अडतं सातबाऱ्यावर.

माझ्या वर्गातल्या ज्या मुलांचे वडील "शेती करतात", त्यांपैकी बऱ्याच जणांच्या नावावर शेत नाही. ते दुसऱ्याचं वाहतात. पूर्वी बटाई होती : जमीन एकाची, मेहनत दुसऱ्याची, पीक निम्मं-निम्मं. आता मक्ता वाढला आहे, कुठे त्याला ठोका म्हणतात. पाडव्याच्या सुमारास एकरी रक्कम ठरते, बहुतेक ठिकाणी आगाऊ रोख द्यावी लागते, आणि मग वर्षभर पाऊस, कीड, भाव, रानडुक्कर, सगळं वाहणाऱ्याचं. बटाईत पाऊस बिघडला तर मालकाचंही निम्मं जायचं. मक्त्यात त्याचं काहीच जात नाही. पाऊस बेभरवशाचा होत गेला त्याच काळात जमिनीचा व्यवहारही असा बदलत गेला, की त्या बेभरवशाचा सगळा भार एकाच्याच डोक्यावर यावा. हे कुणी कट करून केलं असं मी म्हणत नाही. ज्याच्याकडे निवड करायची सोय होती त्याने धोका सोडला, ज्याच्याकडे नव्हती त्याने उचलला.

हिशोब करून बघू. समजा पाच एकर जमीन, एकरी दहा हजार मक्ता. पन्नास हजार रुपये पाडव्याला मालकाला पोचले. बियाणं, खत, फवारणी, निंदणी वेगळी. ऑक्टोबरमध्ये पाऊस आला, पीक गेलं. सरकारचा नियम असा की मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस झाला तर ती अतिवृष्टी, आणि पिकाचं नुकसान ३३ टक्क्यांच्या वर असेल तर मदत. आपत्ती निवारणाच्या निकषांप्रमाणे कोरडवाहूला हेक्टरी ८,५०० रुपये. कधी सरकार वरून भर टाकतं, पण मूळ दर हा. म्हणजे एकरी साडेतीन हजारही नाही. पाच एकरांचे झाले सतरा हजार. हे सतरा हजार कुणाच्या खात्यात जातात? सातबाऱ्यावर ज्याचं नाव आहे त्याच्या. म्हणजे ओल्या दुष्काळाच्या वर्षी मालकाच्या हाती ६७ हजार येतात, चांगल्या वर्षी ५० हजार. आणि ज्याची सुडी सडली त्याच्या खात्यात काही नाही.

हा अपवाद नाही, ही पद्धत आहे. पंचनाम्याला तलाठी येतो तेव्हा बांधावर उभा राहून नुकसान दाखवणारा माणूस वेगळा आणि यादीत नाव असणारा वेगळा. काही मालक भले असतात, पैसे आले की बोलावून देतात, निम्मे तरी देतात. अशांना माझा सलाम. पण पोटाचा प्रश्न कुणाच्या भलेपणावर का सोडायचा?

पीकविम्याचं बघा. भाडेपट्ट्याने कसणाऱ्यालाही विमा काढता येतो, असं कागदावर आहे. अट एवढीच की नोंदणीकृत भाडेकरार जोडा. आमच्याकडे नोंदणीकृत मक्ता मी अजून पाहिलेला नाही. मालक घाबरतो कूळ कायद्याला. विदर्भासाठी १९५८ चा वेगळा कुळवहिवाट कायदा आहे, आणि 'कसेल त्याची जमीन'ची भीती दोन पिढ्या उलटल्या तरी गेलेली नाही. म्हणून तोंडी व्यवहार, आणि बरेचदा दर दोन वर्षांनी माणूस बदल. २०२३ मध्ये एक रुपयात पीकविमा आला, २०२५ मध्ये गेला. जाताना त्याने काय नेलं ते लक्षात घ्या. पेरणीच न होणं, हंगामाच्या मध्येच आलेलं संकट, स्थानिक आपत्ती, काढणीनंतरचं नुकसान, या चार कारणांसाठी मिळणारी भरपाई राज्याने वगळली. आता मंडळातल्या पीक कापणी प्रयोगात उत्पादन कमी निघालं तरच विमा. काढून ठेवलेल्या सुडीवर पाऊस पडण्याचं प्रमाण वाढतंय आणि नेमकं तेच कलम गेलं. बोगस विमे निघत होते, हे खरं. दुसऱ्याच्या, अगदी सरकारी जमिनीवरही लोकांनी विमे काढले. पण चोर पकडण्यासाठी लावलेल्या कुलपात खरा वाहणारा बाहेरच राहिला. त्यात आता ॲग्रीस्टॅकचा शेतकरी क्रमांक आला. तो जमिनीच्या नोंदीला जोडलेला. जमीन नावावर नाही, तर तुम्ही शेतकरी नाही. तीस वर्षं नांगर धरला असेल, तरी नाही.

जुळवून घेण्याच्या योजनांची गतही तीच. जागतिक बँकेच्या मदतीने २०१८ मध्ये नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प आला, नावातच हवामान-अनुकूल शेती. पंधरा जिल्हे, त्यांत आमचा बुलढाणा. शेततळं, ठिबक, शेडनेट, सगळं चांगलं. मी त्याची निंदा करणार नाही, ज्यांना मिळालं त्यांच्या शेतात फरक दिसतो. पण ते मिळतं जमीनधारकाला. आणि मक्त्याने वाहणारा पदरमोड करूनही हे करणार नाही, कारण वर्षाच्या मक्त्यावर बांध कोण घालेल? २०१८ पासून जिल्ह्यात धरणं-तलावांतला गाळ काढायचं मोठं काम झालं, आणि शेतात टाकलेला गाळ काही वर्षं साथ देतो. मक्त्याच्या शेतात स्वतःच्या खर्चाने गाळ टाकला तर पुढच्या पाडव्याला मालक म्हणणार, "जमीन सुधरली, आता मक्ता वाढव." याला अडाणीपणा म्हणत असाल तर म्हणा. मला हा साधा व्यवहार वाटतो.

ज्याच्याकडे कागद नाही त्याची ठेव गोठ्यात असते. वाईट वर्षी म्हातारा बैल विकायचा, त्या पैशांत पुढची पेरणी करायची, पाऊस बरा झाला की नवा घ्यायचा. दुष्काळाशी जुळवून घेण्याची ही आपल्या मुलखातली फार जुनी रीत, आणि ती हिंदू शेतकरी व मुसलमान कुरेशी यांच्या व्यवहारावर उभी होती. मार्च २०१५ मध्ये राज्यात बैलांच्या कत्तलीवरही बंदी आली. त्यावर आपल्याकडे भरपूर लिहून झालं आहे, ते ताटातल्या मटणाबद्दल आणि झुंडींबद्दल. म्हाताऱ्या बैलाला गिऱ्हाईक उरलं नाही म्हणून कोरडवाहू शेतकऱ्याची अडीनडीची रक्कम गेली, हे मात्र कमी बोललं गेलं. २०२५ च्या पावसाळ्यात कुरेशी व्यापाऱ्यांनी खरेदीच थांबवली तेव्हा बाजारातून जनावर परत घेऊन जाणारे बहुतेक कोण होते, ते आठवा. हवामान बदलाच्या आराखड्यात यावर एक ओळ दाखवा.

आता आपल्या लोकांकडे वळतो. सरकारला बोलणं सोपं असतं.

पाऊस लांबला की आपल्याकडे ईदगाहवर नमाज-ए-इस्तिस्का होते. तळहात उलटे करून दुआ मागितली जाते. मीही जातो, पोरांना घेऊन जातो, त्यात मला काही खुपत नाही. खुपतं ते नंतरचं बयान. कुरआनात असा आशय आहे की माणसांच्या हातांच्या कमाईमुळे जमिनीवर आणि समुद्रात बिघाड माजला. मौलानासाहेब ही आयत वाचतात आणि लगेच आपल्या गुनाहांची यादी सुरू करतात : मोबाइल, लग्नातला बँड, मुलींचे कपडे. समोर कोण बसलंय? ज्याने आयुष्यात विमान पाहिलं नाही, ज्याच्या घरात एक पंखा आहे, तो मजूर. त्याला सांगायचं की ढग तुझ्यामुळे फिरले! हवेत दीडशे वर्षं कोळसा आणि तेल जाळणारे हात दुसरेच आहेत. आयतीत 'हात' म्हटलंय, मग हात कुणाचे ते नीट पाहायला नको का?

आणि याच विषयावर दीनमध्ये जे थेट सांगितलंय ते मिंबरवरून ऐकू येत नाही. खैबरची जमीन पैगंबरांनी (स.) कसणाऱ्यांना निम्म्या पिकावर दिली होती, म्हणजे बटाईवर. जमिनीचा ठरावीक तुकडा मालकासाठी राखायचा आणि उरलेल्यावर कसणाऱ्याने नशीब आजमावायचं, हा प्रकार त्यांनी मना केला, कारण कधी हा तुकडा पिकतो, कधी तो. इमाम अबू हनीफांना बटाई मान्य नव्हती, त्यांचेच शागीर्द इमाम अबू यूसुफ आणि इमाम मुहम्मद यांनी ती मान्य केली आणि फतवा त्यांच्याच मतावर चालत आला. सहीह मुस्लिममध्ये आणखी एक गोष्ट आहे : फळं विकली आणि त्यांवर आसमानी आपत्ती आली, तर विकणाऱ्याने खरेदीदाराकडून पैसे घेऊ नयेत. मला माहीत आहे, कुणीतरी लगेच लिहील की ती हदीस विक्रीची आहे, मक्त्याची नाही, आणि हनफी उलमांच्या मते ते बंधनकारकही नाही. मान्य. मी मुफ्ती नाही, मास्तर आहे. पण जुमाच्या अर्ध्या तासात एकदा तरी हा विषय निघावा, एवढी अपेक्षा मास्तरही करू शकतो. कारण मक्ता आगाऊ घेऊन वर अतिवृष्टीचे पैसेही खिशात घालणाऱ्यांत आपले हाजीसाहेबही आहेत. दाढी-टोपी सातबाऱ्याच्या आड येत नाही.

मालकांचीही बाजू आहे. सगळे मालक जमीनदार नाहीत. कुणी विधवा बाई आहे, तिला दोन एकरांच्या मक्त्यावर घर चालवायचंय. कुणाची मुलं पुण्याला कंपनीत आहेत आणि म्हातारा एकटा गावात आहे. ते म्हणतात, लेखी दिलं आणि कूळ लागलं तर आम्ही कुठे जायचं? ही भीती खोटी नाही, म्हणून उत्तर कायद्यातच शोधावं लागेल. आंध्र प्रदेशाने २०१९ मध्ये कायदा करून कसणाऱ्याला अकरा महिन्यांचं कार्ड द्यायला सुरुवात केली. त्यावर पीककर्ज, विमा, नुकसानभरपाई मागता येते, मालकी हक्काला धक्का लागत नाही. त्या कायद्यात मालकाची संमती लागते आणि तिथेच गाडी अडते, हेही खरं. पण जमीन एकाची आणि पीक दुसऱ्याचं असू शकतं, एवढं तरी त्या राज्याने मान्य केलं. महाराष्ट्रात ई-पीक पाहणीचं ॲप शेतात उभं राहून फोटो मागतं. त्यात 'पीक कोणी पेरलं?' असा एक रकाना वाढवायला किती खर्च येतो?

सरकार करेल तेव्हा करेल. एक जागा अशी आहे जिथे आपल्याला कुणाची वाट बघायची गरज नाही : मशिदी-दर्ग्यांच्या वक्फ शेतजमिनी. २०२५ च्या वक्फ कायद्याविरुद्ध आपण काळ्या फिती बांधल्या, मोर्चे काढले. त्यांत मीही होतो. पण त्या जमिनी वाहतो कोण, किती मक्ता भरतो, त्याचं पीक बुडालं त्या वर्षी कमिटीने एक रुपया तरी सोडला का, हे कुणी विचारलं नाही. ज्या कमिट्यांच्या ताब्यात शेती आहे त्यांनी लेखी कागद द्यावा, नियमात बसेल तशी नोंदणी करावी, मंडळात अतिवृष्टी जाहीर झाली तर त्या वर्षीच्या मक्त्यात सूट लिहून द्यावी, आणि भरपाई आली तर ती वाहणाऱ्याच्या हातात देऊन सही घ्यावी. देवस्थानांच्या इनाम जमिनींवरही हेच व्हावं असं मला वाटतं, पण ते सांगायचा माझा अधिकार कमी आहे. आपल्या कमिटीला सांगायचा पूर्ण आहे.

असा एका पानाचा करारनामा मी मराठीत आणि उर्दूत तयार करतो आहे. ओळखीच्या एका वकिलांना दाखवला, त्यांनी दोन कलमं बदलली. पाडव्याला नवे मक्ते ठरतील, त्याआधी तो इथेच टाकेन. ज्यांच्या गावात वक्फची शेती आहे त्यांनी कमिटीच्या सदरांपुढे ठेवावा, आणि ते काय म्हणाले तेही कळवावं.